सुरुंगाचं मीटर आणि सदूचा नारळ

"आपल्या मीटरचा करंट मुंगीलासुद्धा गुदगुल्या करणार नाही!" दौलतराव फोरमननी छाती ठोकून सांगितलं.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्यांच्या वर्कशॉपनं शहाऐंशी साली दगडखाणवाल्यांसाठी हे मीटर बनवलं होतं. सुरुंग लावण्याआधी, तो पेटवणाऱ्या डिटोनेटरची तार तुटलेली नाही ना, एवढंच ते बघणार. पण बघता बघता मीटरनंच डिटोनेटर उडवला तर? म्हणून तपासणीला सरकारी स्फोटक खात्याच्या द्रौपदीबाई आल्या होत्या. त्यांनी नाही म्हटलं की दौलतरावांची दोन वर्षांची मेहनत भंगारात!

बाईंनी डिटोनेटर दाखवला. करंगळीएवढी नळी! दौलतरावांनी देवळात शिरल्यासारख्या नकळत चपला काढल्या.

नळी लोखंडी पाइपात घालून वाळूच्या खड्ड्यात ठेवली. लांब तार ओढून सगळे पोत्यांच्या भिंतीमागे गेले.

"करा चालू. काहीही झालं नाही, तर पास," बाई म्हणाल्या.

दौलतरावांनी बटण दाबलं. अशी शांतता पसरली, की शेजारच्या केमिकल कंपनीचा वाससुद्धा थबकला.

फाट्!

"मेलो!" दौलतराव आडवे. त्यांच्यावर मालक जयदेवशेठ!

उभ्या फक्त बाई. आणि मागं सदू फिटर, हातात नारळाची दोन शकलं घेऊन.

"नव्या मशीनला पहिला करंट सोडला की नारळ फोडतात ना, काका? लेथला फोडला, ड्रिलला फोडला..."

"अरे गाढवा, इथं आवाज न होणं हीच परीक्षा!"

डिटोनेटर शाबूत होता. बाईंनी टिपून घेतलं. "आता तो जिवंत होता का, ते बघू. मी उडवते. शिट्टी झाली की डोकी खाली."

पण भीती एकदा फुकट गेली की लवकर परत येत नाही. शिट्टी झाली तेव्हा मंडळी भिंतीला टेकून ऐसपैस खोबरं चावत होती.

धडाम! छपराचे पत्रे खडखडले, वाळू पावसासारखी डोक्यावर आली.

"सदू, आणखी किती नारळ आणलेस रे?" मागं न बघताच दौलतराव खेकसले.

"मी तुमच्या शेजारीच बसलोय, काका!"

दौलतरावांच्या तोंडातलं खोबरं खाली पडलं. सगळे दबकत खड्ड्याशी गेले. तो जाड पाइप जास्वंदीसारखा उमलला होता! करंगळीएवढी नळी, आणि हे! दौलतरावांनी आपल्या करंगळीकडे बघितलं आणि हात जोडले.

"मीटर पास," बाई म्हणाल्या. "माणसं नापास! शिट्टीला डोकं खाली घालायला शिका, मग सही. सोमवारी तुमची परीक्षा."

दौलतरावांनी केसांतली वाळू झटकली आणि हळूच विचारलं,

"बाई, तोंडी असेल ना?"