पिंपळीकर बाळराजांच्या पोटीची हवा सरली, त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. बारामती कसब्यात लेकरांच्या इस्पितळी जो बाका प्रसंग गुदरला आणि राजेश्वरी सिस्टर यांणी जी शर्थ केली, ती यथामति लिहिली असे. थोरांनी चित्त देऊन ऐकावी, हसू आलियास तोंडास उपरणे लावावे.

पिंपळीकर ऋषिराज, उमर वर्षे आठ, यांचे पोटी अपेंडिक्स नामे गनीम माजला, त्यास डॉक्टरसाहेबांनी शस्त्र चालवोन नेस्तनाबूद केले. आता फत्ते जाहली म्हणावे, तों फर्मान सुटले की, पोटातील हवा खालते मार्गे सरल्यावाचून पाण्याचा थेंब देऊ नये, आणि सांजपावेतो न सरल्यास नाकातून नळी घालावी. बाळराजांचे पोट नगाऱ्यासारखे तटतटले, ओठ सुकोन गेले. सिस्टरांनी ओला कापूस ओठांस लावावा आणि बाळराजांनी तो चोखू पाहावा, हे देखोन त्यांचा जीव तुटे.

तशात पिंपळीहून दोन जीपा भरोन आप्तांची फौज आली आणि खाटेस वेढा घालोन बसली. आजे मानसिंगराव सरदारीस, आणि आजी कुशाबाई शहाळ्याच्या पाण्याची रसद पदराखाली दडवोन पिछाडीस. जो येई तो पुसे, "सरली का रं?" आणि बाळराजे लाजोन चादरीत तोंड लपवीत. इतक्या मंडळींदेखत ही कामगिरी बजावावी कोणी? हवा अब्रूपायी अडली आहे, हे सिस्टरांनी ताडले.

मग त्यांणी बाळराजांस हाती धरोन वऱ्हांड्यात चालविले, तों अवघी फौज मागोमाग निघाली, आणि बाळराजे थबकले की फौजही कान टवकारोन थबके.

"आबा, तुमी जरा खाली थांबा की," सिस्टरांनी मानसिंगरावांस विनविले.

"घरचीच मानसं हाईत समदी," म्हणोन मानसिंगराव तसूभर हलेनात.

सिस्टर मूळच्या जळोची गावच्या, बागायतदाराची लेक. कोणत्या हाकेस शेतकरी भरले ताट सोडोन धावतो, हे त्या पुरते जाणत. त्यांणी मसलत करोन मोबाइल कानास लाविला आणि मोठ्याने पुकारा केला, "काय म्हंता? पिंपळीला थ्री फेज लाइट आली?" मग काय वर्णावे! "हिरीवरची मोटर चालू करा रं!" ऐसा गजर उठला आणि चपला कोणाच्या, पाय कोणाचे, हा विचार न करिता उभी फौज जिना उतरली. जीपमध्ये सर्वांआधी मानसिंगराव चढले, आणि कुशाबाईंस रसदेसुद्धा ओढोन नेले.

वऱ्हांडा सुना जाहला. सिस्टरांनी भिंतीकडे तोंड करोन दोन्ही कानांवर हात ठेविले.

"मला कायबी ऐकू येत न्हाय बघ."

मग बाळराजे भिंत धरोन थोडे पुढे गेले, आणि ऐसी तोफ डागली की पलीकडील खोलीतले तान्हे दचकोन रडू लागले.

"सिस्टर, सरली. पन कुनाला सांगू नका."

हुजुरांस खबर देणे भाग, इतरांस हरगीज नाही, ऐसा कौल सिस्टरांनी दिधला. डॉक्टरसाहेबांनी पोट तपासोन, नळी मना करोन, पाण्याचा हुकूम केला. पहिला चमचा बाळराजांनी तोंडात घोळविला, सावकाश गिळला आणि डोळे मिटोन म्हणाले, "आजून." सिस्टरांस भरोन आले. पिंपळीस लाइट न देखोन फौज कोपोन माघारी येईल, याची त्यांस तिळमात्र फिकीर उरली नाही.

येणेप्रमाणे वेढा उठला, नळी टळली, मोहीम शेवटास गेली, ती दप्तरी दाखल केली असे. मुलूख किती जिंकिला म्हणाल, तर चमचाभर पाणी. परंतु ते पिणाऱ्याचे मुख ज्यांणी पाहिले, त्यांस पुसावे.