सेतुमामा आणि कृषीची मागणी

आमच्या आणि सेतुमामांच्या घराला एकच भिंत आहे. त्यामुळे त्यांच्या सभागृहाचं कामकाज मला रोज सकाळी घरबसल्या ऐकायला मिळतं.

“प्रश्न असा आहे की, दुसरी कॉफी करावी. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं.”

“होय.” हेही मामाच.

“प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावं.”

इथे मामा थांबतात. घरात दुसरं कोणी नाही, तरी चांगले चार श्वास थांबतात. मग जाहीर करतात, “होयचं बहुमत आहे. कॉफी मंजूर.” एकदा दूध नासलं होतं, तेव्हा त्यांनी स्वतःचाच ठराव ‘नाही’ म्हणून पाडला होता.

सेतुमाधवराव आमच्यातलेच, कुंभकोणम्‌चे मराठी. बाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. पुण्याहून आलेला माझा एक आतेभाऊ त्यांचं ‘मजला’, ‘तुजला’ ऐकून मोडीतला कागद समोर धरल्यासारखा चेहरा करून बसला होता. मामांची सगळी नोकरी मद्रासच्या विधानसभेत गेली. अध्यक्षांच्या पुढ्यातल्या टेबलाशी बसायचं आणि सदस्य जे बोलतील ते तमिळ लघुलिपीत उतरवायचं. मंत्री बदलले, पक्ष बदलले, मामांची पेन्सिल तीच. लग्न का केलं नाही, असं विचारलं तर म्हणतात, “गणपूर्ती झाली नाही.”

यंदा कृषिमंत्र्यांनी शेतीचा वेगळा अर्थसंकल्प वाचला, त्या दिवशी शाळेतून येता येता मी त्यांच्या दारात डोकावले. “मामा, तुमचं शेतीचं बजेट पास झालं!”

“वाचलं म्हणजे झालं नव्हे!” मामा कडाडले. “कां गे, गणित शिकवतेस आणि इतकं ठाऊक नाही? मुलगी पाहून आले म्हणून बारशाचं आमंत्रण देतात?”

मग मला बसवून त्यांनी सगळं लग्न लावून दाखवलं. वाचणं म्हणजे मुलगी पाहणं. साधारण चर्चा म्हणजे दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडणं. मग एकेका खात्याच्या मागण्या येतात. विरोधी पक्ष कपात सूचना देतो, ते मानपानाचं रुसणं. रुसवा संपला की अध्यक्ष होय-नाही विचारतात आणि मागणी मंजूर होते, हा साखरपुडा. सगळ्या खात्यांच्या मागण्या एकत्र बांधून विनियोजन विधेयक येतं, ती लग्नाची गाठ. “त्यावर राज्यपालांची सही झाली की सून घरात. त्याआधी तिजोरीला हात लावायचा हक्क कोणास नाही!”

हे प्रवचन दर वर्षीचं. पण यंदा मामा भलतेच अस्वस्थ होते. कृषीची मागणी कधी येते, हे त्यांनी मला महिनाभर विचारून सळो की पळो केलं.

तो दिवस नेमका माझ्या सुट्टीचा निघाला. मामा इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसले होते. मांडीवर वही, शेजारी टोक काढलेल्या चार पेन्सिली. आमच्या भागातले एक आमदार उठले. सुंदरपेरुमाळ कोयिल गावच्या लोकांना भात वाळवायला हमरस्त्याखेरीज जागा नाही, तिथे सिमेंटचं खळं बांधून द्यावं, असं ते म्हणाले. मामांची पेन्सिल कागदावर पळत होती. संध्याकाळी मंत्र्यांनी उत्तरात नव्या खळ्यांची यादी वाचली. त्यात ते गाव होतं. कपात सूचना पडल्या. अध्यक्षांनी विचारलं आणि सभागृह ‘आम्’, म्हणजे ‘होय’, म्हणून गरजलं. त्याच क्षणी पेन्सिलीचं टोक मोडलं.

“झालं की मामा!”

त्यांनी चष्मा पुसला. “विधेयक आहे अजून,” म्हणाले, पण आवाज कडाडला नाही.

विधेयक झालं, सही झाली, आणि त्या रविवारी मामा वही घेऊन माझ्या दारात उभे राहिले. “स्कूटर काढ. सुंदरपेरुमाळ कोयिलला जायचं.”

वाटेत दारासुरमला कॉफीला थांबलो, तेव्हा मी विचारलं, “खळ्याचं तुम्हांला काय मामा?”

मामा कॉफी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतत सांगू लागले. त्यांचे थोरले बंधू विठ्ठलराव त्या गावात शेती करत. त्यांनीच मामांना शिकवलं. एकदा ते मद्रासला आले आणि म्हणाले, ‘मंत्र्यापासून चार हातांवर बसतोस. आमच्या खळ्याची एक चिठ्ठी सरकव.’

“मी म्हटलं, आम्ही लिहिणारे, मागणारे नव्हे. त्याच साली रस्त्यावर पसरलेलं भात अवकाळी पावसानं भिजलं, कोंब आले. अण्णा त्यानंतर मजशी बोलले नाहीत.” पेला खाली ठेवून मामा म्हणाले, “निवृत्त झालों त्या दिवसापासून मागू लागलों. तीन आमदार झाले. दर वर्षी अर्ज दिला.”

विठ्ठलराव ओसरीवर पेपर वाचत होते. वयानं वाळलेले, पण पाठ ताठ. धाकट्या भावाला पाहून त्यांनी पेपर खाली केला नाही. मामा बसलेही नाहीत. अंगणात उभे राहून त्यांनी वही उघडली आणि आमदारांचं भाषण, मंत्र्यांचं उत्तर, मध्ये कोणी बाकं वाजवली तेही, सगळं वाचून दाखवलं.

वाचून संपलं.

“मी शेती सोडून चार वर्षं झाली,” विठ्ठलराव म्हणाले. “गुडघे गेले.”

मामांकडे प्रत्येक प्रसंगाला एक नियम असतो, पण या प्रसंगाला तो नव्हता. वही मिटून ते म्हणाले, “मजला कोणी सांगितलं नाही, अण्णा.”

“कोण सांगणार? मी बोलत नव्हतों.” विठ्ठलरावांनी पेपर बाजूला ठेवला. “आता शेजारचे वाळवतील. त्यांचंही भात भिजतंच की. आण इकडे ती वही.”

त्यांनी वही उलटी धरली, मग सुलटी केली. “हे काय कावळ्याचे पाय! यातलं भात कुठलं?”

मामांनी वाकून एका बारीकशा वळणावर बोट ठेवलं.

“एवढंसंच?”

“एवढंसंच.”

विठ्ठलराव हसले. खोकला येईपर्यंत हसले. मग आत सुनेला हाक मारून म्हणाले, “दोन पानं जास्त मांड.”

जेवण झाल्यावर मी स्कूटर काढली, तर मामा म्हणाले, “तू जा पोरी. मी उद्या बसनं येतों.” दोघे ओसरीवर बसले होते. विठ्ठलराव पेपरच्या कडेला पेन्सिलीनं ते वळण काढून पाहत होते.

“जाड झालं, अण्णा,” मामा म्हणत होते. “हात हलका ठेवा. पुन्हा काढा.”