मुलगा काहीच बोलत नाही

"जरा कमी करता येईल का?" ग्रंथपालाने संगीतकाराला विचारलं, आणि आपण हे काय बोलून बसलो असं वाटून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. निवृत्त होईपर्यंत वाचनालयात त्याने कुणाला तोंडाने 'हळू बोला' असं म्हटलं नव्हतं. ते काम भिंतीवरच्या पाटीकडे होतं.

संगीतकाराने व्हायोलिन मांडीवर ठेवलं. मागच्या बासरीवाल्याने बासरी तोंडापासून दूर केली. नभोनाट्याची तालीम तिथेच थांबली.

"काय कमी करायचं?"

"संगीत. म्हणजे सगळं नाही. आई प्रश्न विचारते ना, तेवढ्यापुरतं. चांगलंच आहे तसं. फारच चांगलं आहे. पण पुस्तकात तिथे मुलगा काहीच बोलत नाही. तर मला आपलं वाटलं, तिथे काहीच नसावं. चुकत असेन मी."

पुस्तक म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची विटेएवढी जाड कादंबरी. घरातून निघून गेलेला मुलगा पुष्कळ वर्षांनी परत येतो. आई त्याला एकेक प्रश्न विचारते. तो एकाचंही उत्तर देत नाही, नुसता दिव्याची वात सारखी करत राहतो. एवढी दोनच पानं, पण ग्रंथपालाच्या मते अख्खी कादंबरी त्या दोन पानांसाठी लिहिलेली होती.

लहानपणी तापाने अंथरुणाला खिळला असताना ताईने त्याला ती वाचून दाखवली होती. प्रत्येक प्रश्न वाचला की ताई पुस्तकातून मान वर करून गप्प बसायची. तिला तसं कुणी शिकवलं नव्हतं. तो तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. तशी शांतता पुढे आयुष्यभर वाचनालयात काढूनही त्याला ऐकू आली नाही.

आता ताईला अक्षर दिसत नव्हतं, गुडघेही गेले होते. रेडिओशेजारच्या खुर्चीत ती दिवस काढायची. "ते पुस्तक एकदा ऐकव रे धाकट्या," असं ती म्हणाली, तेव्हा त्याने वाचायला घेतलं. पण त्या दोन पानांशी त्याचाच आवाज चिरकला. ताई हसली. मग त्याने कादंबरीचं नभोनाट्य लिहून रेडिओ केंद्राकडे पाठवलं आणि ते परत येण्याची वाट बघत बसला. ते स्वीकारलं गेलं, हा त्याला बसलेला पहिला धक्का. नाटकासाठी खास नवं संगीत, तेही वादकांसह थेट प्रसारण, असं निर्मात्या बाईंनी ठरवलं, हा दुसरा. या गडबडीत ताईकडे जाणं मात्र राहूनच गेलं होतं.

"कमी कशाला?" संगीतकार म्हणाला. "काढूनच टाकतो. मी मूर्ख, इतके दिवस त्या प्रसंगावर जीव पाखडत बसलो!"

तो तरातरा निघून गेला. ग्रंथपालाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी संगीतकार आला तो डोळे लाल करून, पण चेहऱ्यावर तेज.

"तुम्ही मला जागं केलंत," तो ग्रंथपालाचे दोन्ही हात धरून म्हणाला. "शांतता हेच संगीत. आईच्या प्रत्येक प्रश्नानंतर काही नाही. व्हायोलिन नाही, बासरी नाही, श्वासदेखील नाही. बाई बोट वर करतील तेव्हाच पुढचा प्रश्न."

"मला एवढंही अपेक्षित..." ग्रंथपाल म्हणाला.

"फारच छान!" निर्मात्या बाई म्हणाल्या. "असं कुणी केलं नाहीये आजवर."

तक्रार होती ती फक्त मुलाचं काम करणाऱ्या नटाची. तो बँकेत खजिनदार होता, आणि त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल होता. "मग माझ्या वाट्याला काय उरलं?" त्याने विचारलं.

"उसासे," बाई म्हणाल्या.

"उसासेही नकोत," संगीतकार म्हणाला.

"मग मी घरीच गप्प बसतो की! बायको रोज बसवते. त्यासाठी बस पकडून इथवर कशाला यायचं?"

अखेर सुरुवातीला दारातून 'आई' अशी एक हाक मारायची परवानगी त्याला मिळाली, आणि तालीम पुढे सरकली. तालमीत ती शांतता अशी काही जमली, की आईचं काम करणाऱ्या बाई स्वतःच रडल्या. ग्रंथपालाला पहिल्यांदाच वाटलं, आपल्या हातून कदाचित काही बरं झालं असावं.

प्रसारण रविवारी दुपारी होतं. ग्रंथपालाने आधी ताईला फोन केला.

"रेडिओ लावलास का?"

"सकाळीच लावलाय. तेव्हापासून जागची हलले नाही. हलले आणि पुन्हा बटण सापडलं नाही म्हणजे?"

 हे ऐकल्यावर त्याला नियंत्रण कक्षात बसवेना, म्हणून तो जिना उतरून फाटकापाशी गेला. तिथे पहारेकऱ्याच्या टेबलावर रेडिओ होता.

"या, या. तुमचंच चाललंय ना? बसा," पहारेकरी म्हणाला.

सुरुवात सुंदर झाली. व्हायोलिन नदीसारखं वाहिलं, बासरीने ओसाड रस्ता उभा केला. 'आई' ही एकुलती हाक खजिनदाराने एवढा जीव ओतून मारली, की पहारेकऱ्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग संगीत विरत विरत थांबलं आणि आईचा थरथरता आवाज आला. "कुठे होतास इतकी वर्षं?"

शांतता. ग्रंथपालाने डोळे मिटले. ताईने आता मान वर केली असेल, असं त्याच्या मनात आलं.

"पाय जुळवून ताठ उभे राहा!" रेडिओतून एक दणदणीत आवाज कडाडला. "छाती पुढे! पोट आत! मान सरळ!" मागे ड्रम बडवला जात होता.

ग्रंथपालाचे डोळे उघडले ते उघडेच राहिले.

"मुलगा मिलिटरीत होता होय?" पहारेकऱ्याने विचारलं. "तरीच पत्र नाही पाठवलं."

"हा... हा माझ्या नाटकात नाही," ग्रंथपाल कसाबसा म्हणाला.

"पोट आणखी आत! शाबा..." दणदणीत आवाज मध्येच तुटला आणि आई रडवेल्या स्वरात म्हणाली, "शेवटच्या आजारात वडील तुझंच नाव घेत होते रे. तुला काहीच वाटलं नाही?"

"नका, नका गप्प बसू," ग्रंथपाल रेडिओला हात जोडून पुटपुटला. पण आतली मंडळी गप्प बसली. अगदी ठरल्याप्रमाणे.

"शाबास!" तो आवाज म्हणाला. "आता हेच डाव्या पायाने!"

"काय बाप्पा पोरगा तरी," पहारेकरी कानावर हात ठेवत म्हणाला. "बाप गेला, आणि याचं हे!"

ग्रंथपाल धावला. या वयात जिना धावत चढण्याची ही पहिलीच वेळ होती. स्टुडिओच्या दारावर लाल दिवा लागला होता, आणि खाली पाटी होती: 'शांतता राखा. दिवा लागलेला असताना दार उघडू नये.' दुसऱ्या कुणी सरळ दार ढकललं असतं. पण आयुष्यभर ज्या पाटीच्या सावलीत बसला, तिच्याच थोरल्या बहिणीसमोर तो थबकला. हात कडीपर्यंत गेला आणि परत आला.

दाराला काचेची खिडकी होती. आत सगळे तल्लीन झाले होते. हवेवर काय चाललंय याचा कुणाला पत्ताच नव्हता. कानांना लावलेल्या यंत्रात त्यांना फक्त आपलाच स्टुडिओ ऐकू येत होता. खजिनदार डोळे मिटून गप्प होता, म्हणजे इतका गप्प की त्याच्या गळ्याची शीर फुगली होती.

ग्रंथपालाने काचेवर तोंड आणून दोन्ही हात जोरजोरात वरखाली केले. भरा, काहीतरी भरा, आवाज करा, असं त्याला म्हणायचं होतं. बाईंनी पाहिलं. लेखकाचे डोळे पाण्याने भरलेत, ओठ थरथरतायत आणि तो हातांनी 'हळू, आणखी हळू' असं विनवतोय, असं त्यांना दिसलं. त्यांनी समजुतीने मान डोलावली आणि वर करत आणलेलं बोट परत खाली घेतलं. संगीतकाराने छातीवर हात ठेवून ग्रंथपालाला अभिवादन केलं आणि तालमीत शेवटच्या प्रश्नाआधी ठेवलेली व्हायोलिनची एकुलती एक तारही वाजवायची नाही, अशी खूण बासरीवाल्याला आणि स्वतःला केली.

ग्रंथपालाने घाबरून हात आणखी जोरात हलवले. बाईंनी शांतता आणखी लांबवली.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून प्रसारणाचा अभियंता धापा टाकत आला. "आत गप्प कोण बसलंय?" त्याने विचारलं.

"सगळेच," ग्रंथपाल म्हणाला. "तो कोण आहे? तो पोट आत घ्या म्हणणारा?"

"राखीव टेप! हवेवरचा आवाज थांबला की यंत्राला वाटतं केंद्र बंद पडलं. मग ते आपणहून टेप लावतं. आवाज आला की पुन्हा इकडे येतं. जुन्या काळी कुणीतरी तिथे व्यायामाचा कार्यक्रम लावून ठेवलाय."

"मग आधी कधी कसं कळलं नाही?"

"कधी वाजलाच नाही! रेडिओ केंद्र आहे हे, काका. इथे गप्प कोण बसतं?"

"बंद करा ते यंत्र!"

"कपाटात आहे. किल्ली केंद्रप्रमुखांकडे, आणि ते पुतण्याच्या लग्नाला." अभियंत्याने काचेतून आत पाहिलं. "आत जाऊन सांगितलं असतं, पण दार करकरतं. त्याचा आवाज जाईल."

ग्रंथपाल त्याच्याकडे बघतच राहिला. "अहो," तो म्हणाला, "आवाजच तर हवाय!"

आत आईने शेवटचा प्रश्न विचारला होता. ओठांवरून कळलं. 'परत जाणार आहेस?' खाली फाटकापाशी पहारेकऱ्याने रेडिओ मोठा केला होता, आणि जिन्यातून उत्तर वर येत होतं: "जागच्या जागी धावा! एक, दोन! एक, दोन! थांबायचं नाही!"

ग्रंथपालाने पाटीकडे पाहिलं, मनातल्या मनात तिची माफी मागितली आणि दार ढकललं. ते करकरलं. तेवढ्याने भागेल की नाही याची खात्री वाटेना, म्हणून तो सरळ मायक्रोफोनपाशी गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडला.

"बोला! अहो, कुणीतरी बोला!"

आवाज चिरकला. खजिनदाराने डोळे उघडले. संगीतकाराच्या हातून व्हायोलिनचा गज खाली पडला. आईचं काम करणाऱ्या बाई बसल्या जागी किंचाळल्या. मग लेखक वेडा झाला असं समजून, पण प्रसंगावधान राखून, संगीतकाराने खाली वाकून गज उचलला आणि शेवटची सुरावट वाजवायला सुरुवात केली. ती संपेपर्यंत कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

दिवा विझल्यावर अभियंत्याने सगळं सांगितलं. निर्मात्या बाई खुर्चीत बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या.

"प्रत्येक प्रश्नाला?" त्यांनी विचारलं.

"प्रत्येक. वडिलांच्या वेळी 'शाबास' म्हणाला."

संगीतकार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "आणि मी ती तारसुद्धा वाजवली नाही," तो भिंतीला म्हणाला. खजिनदाराला मात्र वेगळीच काळजी होती. "लोकांना तो आवाज माझा वाटला असेल का हो?" त्याने दोनदा विचारलं. "बरा होता का तसा?"

तेवढ्यात कोपऱ्यातला फोन वाजला. बाईंनी तो कानाला लावला, ऐकलं आणि ग्रंथपालापुढे धरला. "तुमच्या बहिणीचा आहे."

 अख्खं जग हसलं असतं तरी ग्रंथपालाला चाललं असतं. त्याने फोन घेतला.

"धाकट्या," ताई धापा टाकत म्हणाली, "पोट आत घेतलं मी."

"काय?"

"आणि बसल्या बसल्या पाय जुळवले. डावा पायसुद्धा उचलला, खोटं नाही सांगत. डॉक्टर सांगून थकला, सून सांगून थकली, मी ऐकलं नव्हतं. पण तू सांगितल्यावर कसं नाही म्हणणार?"

"ताई, ते मी..."

"मला कळलं रे लगेच. पुस्तकात तो मास्तर नव्हता. मी वाचून दाखवलंय तुला, मला नाही ठाऊक? म्हटलं, सकाळपासून मी एका जागी बसलेय हे याच्या डोक्यात आलं असणार. आणि डोळे भरून यायची वेळ झाली की नेमका तो मास्तर हजर! रडूच दिलं नाहीस मला. जागच्या जागी धावणं काही जमलं नाही हो. ते जरा जास्तच झालं."

 खोलीतले सगळे ग्रंथपालाकडे बघत होते.

"आणि शेवटी ओरडलास तो तूच ना?" ताई म्हणाली. "आवाज अजून चिरकतो तुझा." ती हसली, मग तिचा आवाज खाली आला. "त्या नाटकापायी इकडे फिरकलाच नाहीस. कधी येणार आहेस?"

उत्तर सोपं होतं. पण ग्रंथपालाच्या तोंडून शब्द काही केल्या बाहेर येईना. पलीकडे ताईही बोलेना. फोनमध्ये नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मान वर करून बसली असणार, हे त्याला न बघताही कळलं. तीच ती शांतता. कुणी न शिकवलेली.

ती किती वेळ टिकली असती कोण जाणे. पण ताईच घाबरल्या आवाजात म्हणाली,

"अरे, बोल की काहीतरी. गप्प बसलास की तो मास्तर येतो."