सॅम्पल फ्लॅटमधले तपासराव

त्या रविवारी दाढी करता करता तपासरावांनी ठरवलं, की बायकोला आज नवा फ्लॅट दाखवून आणायचा. घ्यायचा नव्हताच. तिची हौस एकदाची फिटावी आणि "जुनं घरच बरं बाई" हे शब्द तिच्याच तोंडून बाहेर पडावेत, एवढाच त्यांचा साधा हेतू होता.

'तपासराव' हे ऑफिसातल्या मंडळींनी पाडलेलं नाव. रेकॉर्ड विभागात कुठलाही कागद समोर आला, की ते तो आधी उजेडात धरत, मग उलटा करून बघत आणि मगच वाचत. (वाचून झाल्यावर तो बहुतेक वेळा दुसऱ्याच विभागाचा निघे, ही गोष्ट वेगळी.) आपल्याला कोणी फसवू शकत नाही यावर त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या बायकोने या श्रद्धेला कधी धक्का लावला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस काही गोष्टी सोडून देतो.

राहायला ते पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या डोक्यावर, दोन खोल्यांत. खाली दिवसभर ठोकाठोकी चाले, म्हणून दोघांनाही वरच्या पट्टीत बोलायची सवय जडली होती. सुट्टीच्या दिवशी कारखाना बंद असला तरी "मीठ दे" हे वाक्य चार घरं पलीकडे भांडणासारखं ऐकू जाई. आता कारखानदाराला त्या खोल्या माल ठेवायला हव्या होत्या. त्याने अगदी नम्रपणे तसं सांगितलं आणि लगेच निम्मा जिना डब्यांनी भरून टाकला. तेव्हा घर घेणं भागच होतं. जुनं घ्यायचं की नवं, एवढाच काय तो वाद.

"घराची भिंत कशी हवी," तपासराव म्हणत, "तिच्यावर डोकं आपटलं तर डोकं फुटलं पाहिजे."

"डोकं आपटायची वेळच येणार नाही असं घर बघू ना," बायको म्हणे.

तिला लिफ्ट हवी होती. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन हवं होतं. तपासरावांनी तिला तीन जुनी घरं दाखवली होती. पहिल्याचा जिना पाण्याच्या टाकीवर चढायच्या शिडीसारखा होता. दुसऱ्यात न्हाणीघर अंगणाच्या पार पलीकडे होतं, म्हणजे आंघोळीला जाताना छत्री न्यायची आणि येताना चपला धुवायच्या. तिसऱ्याच्या छतावर ओलीचे इतके डाग होते, की तपासरावांनी ते खंडांचे नकाशे आहेत अशा कौतुकाने न्याहाळले. बायको सरळ रिक्षात जाऊन बसली.

तर त्या रविवारी दोघं नव्या इमारतीवर पोचले. इमारत अजून अर्धवट होती, म्हणून कंपनीने आवारातच एका मोठ्या पत्र्याच्या शेडखाली सॅम्पल फ्लॅट उभा केला होता.

"सर, मॅडम, हुबेहूब असाच फ्लॅट तुम्हाला मिळणार," विक्रीचं बघणारी मुलगी म्हणाली. ती इतकी गोड हसत होती, की तपासरावांना लगेच संशय आला.

आत गेल्या गेल्या त्यांनी कामाला सुरुवात केली. फळीवरचं पुस्तक ओढलं, तर शेजारची सगळी पुस्तकं बरोबर आली, कारण तो एकच चिकटवलेला खोका होता. टीव्ही पुठ्ठ्याचा निघाला. टेबलावरचं सफरचंद त्यांनी दाबलं, ते चेपलं आणि मग 'टुक' आवाज करून पुन्हा फुगलं. भिंतीवर टिचकी मारली तर प्लायवूड वाजलं. वर पाहिलं तर भिंती छतापर्यंत पोचतच नव्हत्या, मध्येच थांबल्या होत्या आणि वर शेडचा पत्रा दिसत होता.

"ऐकलंस? पोकळ आहे," त्यांनी बायकोला हळूच सांगितलं. (त्यांचं हळूच म्हणजे शेडबाहेरच्या वॉचमनने मान वळवून पाहिलं.)

"सर, हे सॅम्पल आहे," मुलगी म्हणाली.

"सॅम्पलवरूनच माल ओळखतात. मला तर नुसतं दार दाखवा. दाराला हात लावला की मला अख्खं घर कळतं."

आणि हे दाखवायलाच, दोघी स्वयंपाकघराकडे वळल्या तेवढ्यात, ते बाथरूममध्ये शिरले. दार आत उघडणारं होतं. त्यांनी ते लावून घेतलं, नळ फिरवला, पाणी नाही म्हणून समाधानाने मान हलवली आणि बाहेर यायला हँडल ओढलं. हँडल त्यांच्या हातात आलं. दार जागच्या जागी.

हँडल पुन्हा बसेना. दार चौकटीत असं चपखल बसलं होतं, की ओढायला नखभर कड नव्हती. (अख्ख्या फ्लॅटमध्ये नीट बसलेली ती एकच गोष्ट.) बाहेरून कुणी नुसतं ढकललं असतं तरी काम झालं असतं. पण हाक मारायची कशी? दाराबद्दलचं ते भाषण होऊन पुरतं मिनिटही झालं नव्हतं. तपासराव कमोडच्या झाकणावर बसले आणि बायकोची वाट पाहू लागले.

भिंती वर उघड्या असल्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"सर कुठे गेले?" मुलीने विचारलं.

"गेले असतील बाहेर, पाया बघायला," बायको म्हणाली. "ते येईपर्यंत तुम्ही मला ऑफिसात नकाशा दाखवा."

दोघींची पावलं लांब गेली. आता हाक मारली तर वॉचमन धावत येऊन हसला असता, आणि मघाशी मारली असती तर अब्रू गेली असती. ते तसेच बसून राहिले. थोड्या वेळाने नवी पावलं आत आली. त्यांच्याबरोबर एक म्हातारा आवाज आणि एक त्याहून खणखणीत म्हातारा आवाज.

"बघ तरी एकदा," आजोबा म्हणत होते. "गुडघ्यांकडे बघ आपल्या. अजून किती वर्षं झाडलोट करणार त्या घराची?"

"मी नाही येणार या खोक्यात राहायला," आजी म्हणाल्या. "बाथरूम तरी आहे का धड?"

आणि आजींनी दार ढकललं.

कमोडच्या झाकणावर शर्टपँट घातलेला, हातात स्टीलचं हँडल धरलेला एक माणूस पाहून त्या दोन पावलं मागे सरकल्या. तपासराव उठून उभे राहिले. अशा वेळी काय बोलायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"या," ते म्हणाले. "चेकिंग चाललंय."

"कंपनीचे दिसतात," आजोबा आजींना म्हणाले.

"नाही" म्हणायला तपासरावांना एक क्षण होता. तो त्यांनी हँडल खिशात घालण्यात घालवला. तेवढ्यात आजींनी विचारलं, "मग तुम्हीच सांगा, पाऊस पडला की गळतं का इथे?"

आता तपासरावांची अवस्था समजून घ्यायला हवी. ऑफिसात त्यांचं कोणी ऐकत नसे. घरी डब्यांमुळे ऐकूच येत नसे. आणि इथे दोन माणसं माना वर करून त्यांच्या एकेका शब्दाची वाट बघत होती. त्यांनी घसा साफ केला.

"वरती आणखी मजले आहेत, आजी. गळायला आधी त्यांच्याकडे गळावं लागेल."

"आणि नळबिळ बिघडला तर? मेला कोण येणार बघायला?"

"एक फोन करायचा. माणूस हजर."

"माणूस म्हणजे कोण?"

"मी आहे ना," तपासराव म्हणाले. ते कसे म्हणून गेले, ते त्यांना नंतर कधीच सांगता आलं नाही.

मग ते थांबेचनात. लिफ्टने गुडघे कसे वाचतात, दार ओढून घेतलं की कुलपाची काळजी कशी मिटते, शेजार कसा हाकेच्या अंतरावर असतो. पोकळ भिंत टिचकी मारून दाखवली आणि खऱ्या फ्लॅटमध्ये ती विटांची असेल हेही छातीठोकपणे सांगितलं. बायको गेले सहा महिने जे जे सांगत होती ते सगळं त्यांच्या तोंडून तसंच्या तसं बाहेर पडत होतं. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा त्यांनी तिचं बरंच ऐकलं होतं.

आजी खुर्चीवर टेकल्या. "पटतं हो सगळं," त्या म्हणाल्या. "पण घर सोडवत नाही. बैठं आहे आमचं. भिंती एवढ्या जाड, की खिडकीत बसून भाजी निवडते मी. मागे लिंबाचं झाड आहे. असलं जुनं घर आता घेणार कोण? पाडतील मेले."

हेच तर तपासराव शोधत होते. बैठं म्हणजे जिन्याचाही प्रश्न नाही. 'मी घेतो' हे शब्द जिभेवर आले, पण कंपनीचा माणूस नवा फ्लॅट विकता विकता गिऱ्हाइकाचं जुनं घर कसं मागणार? त्यांनी शब्द गिळले आणि म्हणाले, "आजी, घर माणसांचं असतं. तुम्ही दोघं जिथे असाल तिथे घर."

हे वाक्य त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं, की डोळे पाणावले. आजींचेही पाणावले. आजोबांनी रुमाल काढला, काठी उचलली आणि तिघंही ऑफिसकडे निघाले.

तिकडे वेगळंच घडत होतं. दुसऱ्या मजल्यावरचा, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येणारा, शेवटचा शिल्लक फ्लॅट तपासरावांच्या बायकोला मनापासून आवडला होता. नाव लिहून घ्या, असं ती म्हणणारच होती. पण तिला वाटलं, एवढी मोठी गोष्ट नवऱ्याला न विचारता करणं बरं दिसत नाही. म्हणून ती त्यांना शोधायला बाहेर पडली. पाया पाहिला, वाळूचा ढीग पाहिला, वॉचमनच्या खोलीत डोकावली. परत आली, तेव्हा यादीत त्या फ्लॅटसमोर आजोबांचं नाव लिहून झालेलं होतं.

"एवढ्यात?" ती म्हणाली.

"आम्ही घेणारच नव्हतो हो," आजी म्हणाल्या. "पण कंपनीच्या या साहेबांनी इतकं छान समजावलं."

बायकोने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खिशातून हँडल काढून टेबलावर ठेवलं.

"सर, तुम्ही कुठल्या शाखेचे?" विक्रीवाल्या मुलीने फार आदराने विचारलं.

तपासरावांना खरं सांगावं लागलं. सांगायला चार वाक्यं पुरली असती, पण त्यांनी दार, चौकट आणि आतून ओढणं व बाहेरून ढकलणं यांतला फरकही समजावून दिला. मुलगी हसू दाबायला पाणी आणण्याच्या निमित्ताने आत गेली. आजोबा उघड उघड हसले. आजी हसल्या नाहीत. "कंपनीचे असा नाहीतर नसा, नळ बिघडला तर मी येईन म्हणालात," त्या म्हणाल्या. "ते आम्ही धरून चाललोय. फोन नंबर द्या."

घरी जाताना रिक्षात तपासरावच बोलत होते. "तू बाथरूमकडे एकदा बघितलं असतंस तर..." इथपर्यंत येऊन ते गप्प झाले, कारण तिने त्यांच्याकडे पाहिलं होतं. संध्याकाळी जेवणं मुक्यानेच झाली. कारखाना बंद, दोघं गप्प, आणि त्या खोल्यांत घड्याळ टिकटिकतं हे तपासरावांना पहिल्यांदाच कळलं. आपण मोठं नुकसान केलं आहे हे त्यांना आतून लागलं. तिने नव्या फ्लॅटसाठी खिडकीच्या पडद्यांचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता, हे त्यांना माहीत होतं.

दोन दिवसांनी ते ऑफिसातून आले तर बायको पिशवीतून लिंबं काढत होती.

"मी एक घर बघून आले," ती म्हणाली. "जुनं आहे."

तपासरावांनी एक लिंबू उचललं. "आजींचं?"

"त्यांचंच. त्यांनी मला बोलावलं होतं. स्वयंपाकघरात ऊन येत नाही, पण मागची खिडकी मोठी केली तर येईल. मोरीचा पाइप बदलावा लागेल. पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे. घेऊया आपण."

"मी म्हणत नव्हतो? जुन्या घराची गोष्टच..."

"जुनं आहे म्हणून नाही," बायको म्हणाली. "आजींनी घराचे सगळे दोष मला आधी सांगितले. तुम्ही त्यांना त्या फ्लॅटचा एक तरी सांगितलात का?"

इमारत पुरी होईपर्यंत आजीआजोबा जुन्या घरातच राहिले आणि तपासराव दांपत्य डब्यांच्या ढिगात. मग दोन्ही बिऱ्हाडं एकाच आठवड्यात हलली. बायकोने गवंडी लावून मागची खिडकी मोठी केली, पाइप बदलला, ओल काढली. तपासरावांनी प्रत्येक वीट हातात घेऊन तपासली, त्यामुळे एका आठवड्याचं काम तीन आठवडे चाललं. शेवटी गवंड्याने बायकोला बाजूला घेऊन विचारलं, साहेबांची सुट्टी कधी संपते. पण घर खरंच सुरेख झालं. काम संपल्यावरच्या पहिल्या सकाळी ऊन थेट ओट्यावर आलं. दोघं चहा घेऊन खिडकीत बसले, आणि किती तरी वर्षांनी खालच्या आवाजात बोलले.

तेवढ्यात फोन वाजला. आजी होत्या. नव्या फ्लॅटमधला नळ टपकत होता.

त्या रविवारी नळ. पुढच्या रविवारी सरकत्या खिडकीची पट्टी. मग बेल, मग सिंकचा पाइप. तपासराव पाना घेऊन जायचे आणि बायकोही बरोबर यायची. तिला तिथली गॅलरी आवडायची. ती आणि आजी तिथे खुर्च्या टाकून गप्पा मारत, आणि तपासराव आपल्या मालकीच्या नसलेल्या घराची दुरुस्ती करत. आपल्यावाचून त्या म्हाताऱ्यांचं अडतं, या विचाराने त्यांना मनातून बरंही वाटे.

परवाच्या रविवारी ते असेच सिंकखालच्या कपाटात खांद्यापर्यंत शिरले होते, तर समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ दारात आले. "आमचाही पाइप गळतोय," त्यांनी आजोबांना विचारलं. "हा तुमचा प्लंबर कसा आहे?"

आजोबांनी आवाज खाली आणला. पण नव्या घरातल्या भिंती त्या, सिंकखालच्या कपाटापर्यंत सगळं ऐकू गेलं.

"माणूस फार चांगला," ते म्हणाले. "कामातलं त्याला काही कळत नाही. तो गेला की आम्ही खरा प्लंबर बोलावतो. पण याला नाही बोलावलं, तर याची बायको गप्पांना कशी येणार?"