अल्पेशच्या गाडीवरचे एकशे बारा डाग

डाग गोल होता. व्यास चार मिलिमीटर, कडा पांढरी, मधला भाग जवळजवळ स्वच्छ. अल्पेशच्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर असे एकशे बारा डाग क्रांतीने मोजले आणि वहीत लिहिले, कारण मामाचा तसा हुकूम होता.

बाबाजीमामा तोवर पडवीत स्वतःची ओळख करून देत होता. अल्पेश त्याला जन्मापासून ओळखत होता, पण ओळख करून दिल्याशिवाय मामा तपासाला हात घालत नसे.

"एकतीस वर्षं एस.टी.त तिकीट तपासनीस! तिकीट आहे की नाही, मानेवरून सांगायचो. दिवेआगर ते दिघी, एकही गुन्हेगार माझ्यापुढे ताठ बसलेला नाही."

"काका, त्या रस्त्यावर कोणीच ताठ बसत नाही. खड्डे आहेत."

क्रांतीने घड्याळ पाहिले. सव्वापाच. पनवेलच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेला सहापर्यंत हो किंवा नाही कळवायचे होते. नोकरीचे पत्र आठ दिवस वहीत होते. मामाला सांगायला गेले की एखादे प्रकरण निघायचे. परवा एक बेपत्ता कोंबडी निघाली, ती अंड्यांवर बसलेली सापडली. शिवाय मामी गेल्यापासून मामाचे बोलणे ऐकून घेणारी घरात ती एकटीच उरली होती.

"हल्ला कधी होतो?" मामाने विचारले.

"गाडी धुतली की," अल्पेश म्हणाला. "दुपारी बोअरच्या पाण्याने धुतो, अंगणात लावतो, जेवून येतो. तोवर डाग!"

"धुतल्यावरच! म्हणजे गुन्हेगाराला स्वच्छता बघवत नाही. लिही, क्रांती."

तिने लिहिले. मामाने एक डाग चाटला.

"खारट. इसम समुद्रमार्गे आला."

"मामा, मला वाटतं..."

"सहायकाने वाटून घ्यायचं नसतं." त्याची नजर कुंपणापलीकडे गेली. तिथे सुजितचे पर्यटकांना भाड्याने द्यायचे घर होते आणि दारात त्याची गाडी. "त्याच्या गाडीवर डाग का नाहीत?"

"पांढरी आहे. असले तरी दिसणार नाहीत," क्रांती म्हणाली.

"बघ! डाग दिसू नयेत म्हणून आधीच पांढरी घेतली. कट जुना आहे. चल अल्पेश, त्याला जाब विचारू."

अल्पेश खरोखरच चपला घालू लागला. तेव्हा अंगणात वाळत घातलेली सुपारी परतत बसलेली, अल्पेशकडे कामाला येणारी मनुबाई उठली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबाजीभाऊ, त्या सुजितच्या दारात जाशील तर हसं व्हईल. बोअरचं पाणी खारं हाय. माझी स्टीलची कळशी उन्हात पालथी घातली तरी असेच डाग. धुतली का लगेच पुसायची."

"पण ऊन होतं ना," अल्पेश म्हणाला. "म्हटलं, आपोआप सुकेल."

"सुकंल की! पाणी उडून जातं, खार कुठं जाईल? सुपारीसारखी गाडी वाळत घातलीस, बाबा. सकाळी सावलीत धू, शेवटी विहिरीचं गोडं पाणी ओत, आन् मऊ फडक्यानं कोरडी कर."

तिने लिंबाच्या पाण्यात फडके बुडवून एक डाग पुसला, गोडे पाणी फिरवले, कोरडे केले. डाग गेला. मामाने भिंग काढून तो गेल्याची खात्री केली.

"मी याच दिशेने निघालो होतो," तो म्हणाला. "फक्त सुजितच्या घरावरून."

मनुबाई क्रांतीकडे वळली. "पोरी, तू पाण्याचंच शिकलीस ना? तुला कळलं न्हाय?"

"पहिल्याच डागाला कळलं होतं."

"मग गप का ऱ्हायलीस?"

क्रांतीने वहीतून नोकरीचे पत्र काढले. मामाने भिंग खाली घेतले आणि आयुष्यात प्रथमच कोणताही निष्कर्ष न काढता तिच्याकडे पाहत राहिला. सहाला वीस मिनिटे होती.

"मामा," ती म्हणाली, "मला पनवेलला नोकरी मिळालीय. मी सोमवारी जाणार आहे."