मोजणी चालू असताना

ऐंशीच्या दशकात आदिलाबादकडच्या बेला गावात आमच्या घरी सहा माणसांत एकच टॉवेल होता. त्यालाही देवरावकाका हात लावत नसत. बाबांचे हे थोरले भाऊ, बिनलग्नाचे. आंघोळ केली की तसेच ओल्या अंगाने कापसात जात. कुणी टॉवेल पुढे केला तर ओरडत, "काऊन? मी हरलो काय?"

तरुणपणी नागपूरला गिरणीत असताना काका कामगारांच्या सामन्यांत बॉक्सिंग खेळले होते. तेवढ्या भांडवलावर ते गावाचे पंच झाले. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघे जुंपले की काका मध्ये उभे. "तीन मिनिटं भांडा, एक मिनिट दम घ्या. तीन राउंड. कमरेखालचं बोलाचं नाही!" पहिल्या विश्रांतीतच भांडणारे हसू लागत.

बाबांना म्हणत, "गणप्या, मी हौशी. बनियन घालून तीन राउंड. तुहं लगन धंदेवाईक. बारा राउंड, अन् अंगावर बनियनही राह्यत नाही!"

पुढे नव्वदच्या दशकात मी आदिलाबादच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला इंग्रजीत नापास झाले. बाबा म्हणाले, "बस झालं. निर्मल गावचं स्थळ आलं हाय. पोट्टीचं लगन करून टाकू."

काका ओसरीवरून उठले. "सप्लिमेंटरी कधी हाय?"

"दोन महिन्यांनी," मी म्हणाले.

"मंग मोजणी चालू हाय. गणप्या, पडलेल्याची दहापर्यंत मोजणी चालू असताना टावेल फेकता येत नाही. नियम हाय!"

"दादा, हा आखाडा हाय काय?"

काकांचा आवाज उतरला. "मी पडलो तवा पंच सहापर्यंत आला होता. मी एका गुडघ्यावर, उठून राह्यलो होतो. उस्तादाले माही कीव आली, त्यानं टावेल फेकला. म्हंजे आपला गडी हरला. पंचानंही मानलं. सात कोणी म्हटलंच नाही."

दुसऱ्या दिवशी बाबांनी निर्मलला 'थांबा' म्हणून निरोप धाडला.

सप्लिमेंटरीचा निकाल घेऊन मी बसमधून उतरले, तर काका फाट्यावर उभे. माझं हसरं तोंड पाहूनच त्यांना कळलं. रस्त्याच्या कडेला, धुळीत, त्यांनी एक गुडघा टेकला.

"पोरी, सातपासून मोज."

"सात," मी म्हणाले. "आठ."

काका उठले. दोन्ही मुठी छातीशी धरून ताठ उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी ओढणी पुढे केली. या वेळी ते ओरडले नाहीत.

मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.