रुमालाखालचं टोकन

मन्मथअप्पांना भाव तोंडानं विचारता येत नाही. लातूरच्या बाजारात त्यांनी उभा जन्म बैलांची दलाली केली. तिथं दलाल समोरच्याच्या हातावर रुमाल टाकतो आणि खालून बोटं दाबून भाव सांगतो. शेजारी उभा असलेल्याला पत्ता लागत नाही. अप्पांची दलाली सुटली, रुमाल सुटला नाही. परवा त्यांनी तो कोथिंबिरीवाल्या मावशींच्या हातावर टाकला. मावशींनी ठोकलेली आरोळी अख्ख्या गल्लीनं ऐकली.

"अहो, दहाला दोन जुड्या म्हणत होतो," अप्पा मला म्हणाले, "बाईला बोलीच कळंना!"

तर हे आमचे शेजारी सध्या क्रिप्टोचं टोकन काढायच्या मागे आहेत. हसू नका. माझं हसून झालंय.

दोन वर्षांपूर्वी अप्पांनी असंच एक नवंकोरं टोकन घेतलं आणि चाकूरच्या कांबळे गुरुजींनाही घ्यायला लावलं. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. टोकन काढणाऱ्यांनी निम्मा माल आधीच गुपचूप स्वतःकडे ठेवला होता. उरलेला कुणाच्या तरी यंत्रांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत उचलला. भाव चढला, त्या मंडळींनी विकलं, भाव कोसळला, आणि या दोघांच्या हाती नुसता फोन राहिला. गुरुजींचे स्लॅबसाठी ठेवलेले पैसे गेले. अप्पा भरून द्यायला गेले, तर गुरुजींनी पाकीट परत केलं. त्यानंतर त्यांनी अप्पांचा फोन उचलला नाही.

तेव्हापासून अप्पांचं एकच पालुपद: "आधी नियम, मग नाणं!" नियम त्यांनी वहीत लिहिले. पहिला आला त्याला माल, हे बंद. दिवसभर ज्यानं त्यानं आपला भाव झाकून द्यायचा, संध्याकाळी सगळे एकदम उघडायचे, आणि माल ज्या भावाला संपेल तोच एक भाव सगळ्यांना. "रुमालच हाय हा," अप्पा म्हणतात, "फक्त कॉम्प्युटरचा."

चाचणी पैशांऐवजी चिंचोक्यांवर झाली. अप्पांच्या ओसरीवर आम्ही अकरा जण, बहुतेक बाजारातले जुने व्यापारी. डबा उघडला तर चिठ्ठ्या बारा, आणि बाराही चिठ्ठ्यांवर एकच बोली: एक चिंचोका.

"लेको, गुपचूप म्हणलं होतं मी!"

"गुपचूपच ठरवलंय की अप्पा," शंकरशेट म्हणाले. "भाईर कुणाला खबर न्हाई."

बारावी चिठ्ठी माझी होती, कैलासवासी सासऱ्यांच्या नावानं.

अप्पा खूश! "चोर घरातले असले म्हंजे लौकर कळतंय." लगेच दोन नियम वाढले: किमान भाव ठरवणे, आणि एका माणसाची एकच बोली, तीही तो जिवंत असल्यास.

सुधारलेले नियम पोस्टानं चाकूरला गेले. वर एवढंच लिहिलं होतं: 'चुका काढाव्यात.' उत्तर आलं नाही. अप्पांनी पुन्हा पाठवले. रोज अकराला ते पोस्टमनसाठी फाटकात उभे, आणि रोज मला सांगायचे, "ऊन खायलोय."

एका रविवारी गुरुजी स्वतःच एसटीनं आले. ना राम राम, ना जय भीम. सरळ चष्मा लावला आणि लाल पेन काढला.

"काढणाऱ्याचा स्वतःचा हिस्सा किती? त्यानंच तर बुडालो आपण. ते लिव्हायचं इसरलास?"

अप्पांनी कान पकडले. मग चहा झाला. मग दुसरा झाला.

आता गुरुजी महिन्यातून एकदा येतात. नियम इतके पक्के झालेत की मी सासऱ्यांसकट हरलो. मागच्या रविवारी मी विचारलं, "अप्पा, आता काढून टाका की टोकन."

अप्पांनी फाटकाकडे बघितलं. तेवढ्यात गुरुजी आले, वही पुढं ओढली आणि एका कोऱ्या ओळीवर त्यांचं पेन थांबलं.

"मन्मथा, काढणाऱ्याचा हिस्सा परत लिव्हला न्हाईस."

"हाव गुरुजी. ध्यानातच राहत न्हाई हो."

गुरुजींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. मग त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि वही मिटली. "असू दे. पुढल्या महिन्यात परत बघतो."